श्रीलंकेला मे महिन्यात जावं का? आधी किनारा ठरवा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. घरात नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. सगळ्यांचाच हा पहिला परदेश प्रवास. सासरे माळकरी. हातपाय चालतायत तोवर श्रीलंकेतल्या रामायणाच्या जागा बघायच्या, असं त्यांच्या मनात आहे. सोबत कोल्हापूरची नणंद, तिचे यजमान आणि मुलगी. घोडं अडलंय ते तारखांवर. इकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत सुट्टी, तिकडं महाराष्ट्रातल्यांना मे लागल्यावर. दसऱ्याची सुट्टी आपल्याला, दिवाळीची त्यांना. म्हणजे दोन्ही घरं एकत्र मोकळी असतात ती फक्त मे महिन्यात. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "मेमध्ये तिथं पावसाळा लागतो, डिसेंबरला जा." डिसेंबरात शिक्षिकाबाईंच्या यजमानांचा ऊस तोडायला आलेला असतो. टोळी कधी येईल, गाडी कधी भरेल याचा नेम नसल्यानं त्यांना गाव सोडता येत नाही. "पावसातच बसायचं असेल तर पैसे पाण्यात घालायचे कशाला?" असा त्यांचा सवाल. एजंटानं कोलंबो, बेंटोटा, कँडी, नुवारा एलिया असं पॅकेज दिलंय आणि मे-जूनमध्ये स्वस्तात पडेल म्हणतोय. पत्रात विचारलंय: मेमध्ये जावं, डिसेंबरात यजमानांना मागं ठेवून जावं, की श्रीलंका सोडून दुसरंच काही बघावं?

ताई, तुमच्या पत्रातली माणसं डोळ्यांसमोर उभी राहिली. यजमानांचा सवाल तर रास्तच आहे. पण तुम्हाला सल्ला देणाऱ्या सगळ्यांनी एक गोष्ट धरून चाललीय, की श्रीलंकेला एकच पावसाळा आहे आणि तो सगळ्या बेटावर एकदम पडतो. तिथंच गणित चुकतंय.

तुम्ही खानापूरच्या आहात म्हणून एकच उदाहरण देते. जुलैमध्ये कुणी फोन करून विचारलं, "बेळगाव जिल्ह्यात पाऊस कसाय?" तर तुम्ही काय सांगाल? कणकुंबीत घराबाहेर पडायची सोय नसते आणि त्याच दिवशी अथणीचा शेतकरी आभाळाकडं डोळे लावून बसलेला असतो. जिल्हा एकच. ढग घाटावर अडतात, तिथं रिकामे होतात आणि पूर्वेला पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. श्रीलंकेतही हेच होतं, फक्त तिथले डोंगर बेटाच्या मधोमध आहेत आणि वारा वर्षातून दोनदा दिशा बदलून दोन्ही बाजूंनी पाऊस आणतो.

मे ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून येतो. कोलंबो, बेंटोटा, गॉल, रत्नपुरा आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजतो. पूर्वेकडं उतरणारा वारा कोरडा आणि गरम होतो, त्यामुळं त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, अरुगम बे हा किनारा उन्हात असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा बंगालच्या उपसागरावरून येतो आणि चित्र उलटं होतं. पूर्व-उत्तर भिजते, पश्चिम-दक्षिण कोरडी पडते. मधले मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे संधिकाळ. मार्च-एप्रिलचा पाऊस आपल्या वळिवासारखाच: सकाळ लख्ख, दुपारनंतर ढग दाटतात, संध्याकाळी गडगडाट, आणि तासा-दोन तासांत सगळं शांत.

आकडे बघितले की आणखी स्पष्ट होईल. कोलंबोत जानेवारीत सरासरी साधारण ६० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात ३९० च्या आसपास. म्हणजे तुम्हाला भीती घालणारे कोलंबोपुरते खरंच बोलतात. पण त्रिंकोमालीत त्याच मे महिन्यात जेमतेम ५० मिलिमीटर पडतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात दर महिन्याला ३०० च्या वर. "डिसेंबरला जा" म्हणणारा माणूस बहुधा बेंटोट्याला किंवा गॉलला जाऊन आलेला असतो. तो चुकत नाही, पण तो अर्ध्या बेटाबद्दल बोलत असतो.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगते. मेमध्येच जा, सगळे मिळून जा, पण एजंटाचं पॅकेज जसंच्या तसं घेऊ नका. त्यातलं बेंटोटा काढा आणि त्रिंकोमाली घाला.

बेंटोट्याला माझा विरोध नुसत्या पावसामुळं नाही. नैऋत्य वारा सुरू झाला की पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरचा समुद्र खवळतो. पाऊस नसला, ऊन पडलेलं असलं तरी लाटा मोठ्या असतात आणि पाण्याखालून आत ओढणारा प्रवाह असतो. किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. मुलं समुद्रासाठी हटून बसलीयत म्हणता, आणि त्यांना हॉटेलच्या गच्चीवरून लाटा दाखवून परत आणायचं? स्वस्त पॅकेज स्वस्त का असतं ते इथं कळतं. त्याच दिवसांत त्रिंकोमालीजवळच्या निलावेली आणि उप्पुवेली या किनाऱ्यांवर पाणी बहुतेक शांत असतं. निलावेलीसमोर पिजन आयलंड नावाचं छोटं बेट आहे, होडीनं जाता येतं. पाण्यात तोंड घातलं की प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. पोहता येवो न येवो, मुलांना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसवू नका.

सासऱ्यांच्या दृष्टीनंही पूर्व किनाराच बरा. त्रिंकोमालीत समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वरम् हे शिवाचं मंदिर आहे. जुनं मंदिर सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याला वापरले. आजचं मंदिर नंतरचं, पण जागा तीच. वाट त्या किल्ल्यातूनच जाते आणि वाटेत हरणं फिरताना दिसतात. कड्याला जी मोठी भेग आहे ती रावणाच्या तलवारीनं पडली असं तिथले लोक सांगतात. गावाबाहेर कन्निया इथं गरम पाण्याची कुंडं आहेत, त्यांचाही संबंध रावणाशी जोडतात. आणखी एक सोय म्हणजे या भागात तमिळ वस्ती मोठी असल्यानं शुद्ध शाकाहारी खानावळी सहज सापडतात. माळकरी माणसासाठी हे सांगून ठेवते, कारण बाकीच्या श्रीलंकेत "भाजी" म्हणून आलेल्या वाटीतही सुक्या माशाचा चुरा घातलेला असू शकतो. ओल्या नारळाच्या सांबोळात तर हमखास. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे प्रत्येक जेवणाला तो आत जाऊन विचारेल.

रावणानं सीतेला जिथं ठेवलं होतं असं मानतात ते सीता एलिया मात्र डोंगरात आहे, नुवारा एलियाजवळ. आणि सासऱ्यांना ते दाखवल्याशिवाय सहल पुरी होणार नाही, हे मी गृहीत धरते. नुवारा एलिया १,८०० मीटरहून उंचावर आहे, सरासरी तापमान १६ अंशांच्या आसपास. तिथं पूर्ण कोरडा असा महिनाच नसतो, जानेवारी ते मार्च त्यातल्या त्यात बरे. मेमध्ये स्वेटर आणि छत्री दोन्ही लागतील. एप्रिलमध्ये मात्र तिथं जाऊ नका. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नवं वर्ष असतं, सगळी श्रीलंका सुट्टीवर निघते आणि त्यातली निम्मी नुवारा एलियालाच लोटते असं वाटतं. त्या दिवसांत गावोगावची दुकानंही बंद असतात. आपल्या शाळांना सुट्टी लागली म्हणून एप्रिलच्या मध्यालाच निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता तारखा. मे म्हणजे अख्खा मे नव्हे. केरळात १ जूनच्या सुमारास पोहोचणारा मोसमी पाऊस श्रीलंकेत त्याच्या आधी येतो, साधारण मेच्या उत्तरार्धात, आणि येताना कधीकधी दणका देतो. २०१६ साली १७ मेच्या सुमारास केगल्ले जिल्ह्यात अरनायके इथं मोठी दरड कोसळली. २०१७ च्या मे अखेरीस रत्नपुरा, कळुतरा, मातरा भागात पूर येऊन दोनशेहून जास्त माणसं गेली. दोन्ही वेळा मेचा उत्तरार्धच होता आणि दोन्ही वेळा जागा पश्चिम-नैऋत्य उताराच्या. म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन या. यजमानांनाही ते सोयीचं पडेल. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं आणि भाताची धूळपेरणी म्हटलं की ते चार दिवस आधीच शिवारात हवेत.

जागांचा क्रमही हवामान बघून लावा. मे पुढं सरकेल तसा डोंगरातला आणि पश्चिमेचा पाऊस वाढतो, पूर्वेला फारसा फरक पडत नाही. म्हणून डोंगर आधी, समुद्र नंतर. कातुनायकेच्या विमानतळावरून तडक कँडी गाठा, गाडीनं तीनेक तास लागतात. दोन रात्री कँडीत. मग रंबोडामार्गे नुवारा एलिया, वाटेत मारुतीचं मंदिर लागतं. तिथं दोन रात्री, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना विसावाही मिळेल. मग खाली उतरून दांबुल्याची लेणी आणि सिगिरियाचा खडकावरचा जुना किल्ला, आणि शेवटी त्रिंकोमालीत तीन रात्री. परतीला त्रिंकोमाली ते विमानतळ सहा तासांचा रस्ता आहे, तेव्हा विमान संध्याकाळचं किंवा रात्रीचं घ्या. एजंट म्हणेल, "एवढ्या लांब कशाला, कोलंबोत शॉपिंग करू." त्याचं ऐकू नका. कोलंबो एका दुपारीपुरतं ठीक आहे, आणि साड्या तर आपल्या शहापूरच्याच बऱ्या.

खरं सांगायचं तर तुम्ही पावसाची जेवढी काळजी करताय, तेवढी उकाड्याची करत नाही, आणि मेमध्ये त्रास देणार आहे तो उकाडाच. त्रिंकोमाली-सिगिरियाच्या भागात दुपारी पारा ३३-३४ वर जातो. तुम्ही म्हणाल, एवढं तर आपल्याकडंही असतं. असतं, पण बेळगाव भागात संध्याकाळी वारं सुटतं, रात्री अंगावर चादर घ्यावी लागते. तिथं हवेत दमटपणा भरलेला, घाम वाळत नाही आणि रात्रही गार पडत नाही. साठी-सत्तरीतल्या माणसांचा त्यात जीव नको होतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या, घामामुळं डोस बदलावा लागतो का ते. गाडी आणि खोल्या वातानुकूलितच घ्या, पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचवा. सकाळी सहाला बाहेर पडा, अकराच्या आत परत या, चार वाजेपर्यंत खोलीत. वाटेत नारिंगी रंगाची शहाळी मिळतात, थंबिली म्हणतात त्यांना, ती दिवसातून दोनदा तरी प्यायला लावा.

सिगिरियाला साधारण १,२०० पायऱ्या आहेत. दांबुल्याच्या लेण्यांनाही चढ आहेच. सासूबाईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय आणि पुढं म्हटलंय, "त्यांचं काही म्हणणं नसतं, त्या कुठंही चालतील." ताई, हे वाक्य मला जरा खटकलं. त्यांना कुणी विचारलंय का? सबंध पत्रात सासऱ्यांची इच्छा आहे, मुलांची आहे, यजमानांची तक्रार आहे, नणंदेच्या तारखा आहेत. सासूबाईंच्या वाट्याला मात्र नुसतं चालणं आलंय. एकदा सवडीनं त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. कदाचित सिगिरिया नकोच म्हणतील आणि बुद्धाचा दात जपून ठेवलेल्या कँडीच्या दंतमंदिरातली संध्याकाळची पूजा डोळे भरून बघतील. सगळ्यांनी सगळीकडं एकत्रच गेलं पाहिजे असं कुठं आहे? नणंद आणि तुम्ही मुलांना घेऊन पहाटे सिगिरिया चढा, मोठी माणसं हॉटेलच्या झाडाखाली चहा पीत बसू देत.

यजमानांना एक सांगा. श्रीलंकेतल्या भाताचे दोन हंगाम या दोन पावसांवरच बेतलेत. सप्टेंबर ते मार्चचा मोठा, त्याला महा म्हणतात, आणि मे ते ऑगस्टचा छोटा, त्याचं नाव ‘याला’. तुम्ही जाल तेव्हा दांबुला-हबरणा भागात दुसऱ्या हंगामाची पेरणी चालू असेल, तीही राजांनी बांधलेल्या जुन्या तलावांच्या पाण्यावर. मिनेरियाचा तलाव महासेन राजाच्या काळातला, म्हणजे सतराशे वर्षांपूर्वीचा, आणि आजही त्याच्यावर शेती भिजते. हे ऐकल्यावर "पैसे पाण्यात" म्हणणारा शेतकरी माणूस तलावाच्या बांधावरून हलायचा नाही. मात्र एजंटानं मिनेरियाला शेकडो हत्तींचा कळप बघायला मिळेल असं कबूल केलं असेल, तर तो मेमध्ये दिसायचा नाही. हत्ती जमतात ते जुलै ते सप्टेंबरात. पाणी मागं सरकतं, तळ्याच्या पोटात कोवळं गवत उगवतं आणि त्यासाठी ते आसपासच्या जंगलातून येतात. मेमध्ये तळं बरंच भरलेलं असतं. थोडे हत्ती दिसतील, पण जाहिरातीतला फोटो म्हणून पैसे मोजू नका.

मेच्या पौर्णिमेला वेसाक असतो, बुद्धपौर्णिमा. तुमच्या तारखांत ती येत असेल तर चांगलंच. रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात आणि वाटसरूंना फुकट जेवू-खाऊ घालतात. वारीत फराळ वाटणारी माणसं बघितलेल्या तुमच्या सासऱ्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. फक्त खोल्या फार आधी घ्या, कँडीत त्या दिवशी जागा मिळत नाही.

असेच प्रश्न इतरांचेही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. शाळा-शेतीचं बंधन नसलेल्या निवृत्त मंडळींनी फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा काळ धरावा. पूर्वेचा पाऊस ओसरलेला असतो, पश्चिमेचा लागलेला नसतो, डोंगरही त्यातल्या त्यात कोरडे. अख्खं बेट एका दमात बघायचं तर हेच दिवस. डिसेंबर-जानेवारीत लग्न झालेल्या जोडप्यांनी गॉल, मिरिस्सा, बेंटोटा बेलाशक करावं. मिरिस्साहून देवमासे बघायला होड्या निघतात त्या याच मोसमात. ख्रिसमस ते नव्या वर्षाचा आठवडा तेवढा टाळावा, तेव्हा दर चढलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सवड काढू शकणाऱ्यांना कँडीची पेराहेरा मिरवणूक आणि मिनेरियाचे हत्ती दोन्ही साधतं, सोबत पूर्व किनारा. भात लावून मोकळे झालेल्या शेतकऱ्याला हे जमण्यासारखं आहे, फक्त गणपती कधी येतात ते आधी बघावं.

दसऱ्याच्या सुट्टीत मात्र मी कुणाला श्रीलंका सुचवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळजवळ सगळ्या बेटावर पाऊस असतो, कोलंबोत तर नोव्हेंबर मेपेक्षाही ओला. शिवाय उपसागरात चक्रीवादळं होण्याचे हेच दिवस. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस दित्वा चक्रीवादळानं तिथं हाहाकार उडवला, शेकडो माणसं गेली आणि डोंगरातले रस्ते, रेल्वेरूळ दरडींखाली गेले. त्यामुळं कँडीहून चहाच्या मळ्यांतून जाणारी ती प्रसिद्ध रेल्वे तुमच्या कार्यक्रमात असेल तर कुठल्या स्टेशनापासून कुठल्या स्टेशनापर्यंत ती प्रत्यक्ष चालू आहे, हे तिकीट काढायच्या आधी एजंटाकडून पक्कं करून घ्या.

एजंटाशी बोलताना "हवामान कसं असेल?" असं विचारू नका, तो चांगलंच सांगणार. "मेच्या पहिल्या पंधरवड्यात बेंटोट्याला मुलं समुद्रात उतरू शकतील का, हे लिहून द्या" म्हणा. बेंटोटा आपोआप गळेल. डोंगरातल्या दोन रात्रींचं बुकिंग शेवटच्या आठवड्यापर्यंत रद्द करता येईल असं घ्या, म्हणजे दरडींचा इशारा आलाच तर त्या रात्री सिगिरियाला हलवता येतील. निघण्याच्या आठवड्यात श्रीलंकेच्या हवामान खात्याचा अंदाज रोज बघा. तो जिल्हावार असतो, तेव्हा कोलंबोचा आकडा बघून घाबरू नका, नुवारा एलिया आणि त्रिंकोमाली वेगवेगळं बघा. प्रवेश परवान्याचे नियम अधूनमधून बदलतात, ते सरकारी संकेतस्थळावरच तपासा. बेळगावहून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू आणि तिथून थेट कोलंबो, हा मार्ग तुम्हाला सोपा पडेल. नणंदेच्या कुटुंबानंही त्याच गाडीत मिरजेला बसावं. मात्र रेल्वे आणि विमान यांच्यात सात-आठ तासांचं अंतर ठेवा, आणि सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट अजून काढलेले नसतील तर तेवढं काम या आठवड्यातच हातात घ्या.